बागेत कुणी हरवल्यासारखं माणूस दिसलं तर काय करायचं

सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कधी ना कधी हा मेसेज येतोच, लांबून काढलेला फोटो, केसांच्या जटा, ऐन मे महिन्यात अंगावर दोन स्वेटर, आणि खाली "बागेत वेडा शिरलाय, मुलांना पाठवू नका, वॉचमनला कळवा". मग वॉचमन काठी आपटत जातो, तो माणूस बोचकं उचलून गेटबाहेर पडतो आणि ग्रुपवर अंगठे पडतात. तो जातो कुठे, तर पुढच्या बागेत नाहीतर पुलाखाली, आणि आधीपेक्षा जास्त घाबरलेला. मी बेघर मनोरुग्णांसाठी काम करणाऱ्या लोकांबरोबर सुट्टीच्या दिवशी जाते, त्यामुळे ओळखीपाळखीचे असं काही दिसलं की फोन करतात, आणि प्रत्येकाला तेच तेच सांगावं लागतं म्हणून इथे एकदाच नीट लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही, पण यातलं बरंचसं करायला डॉक्टर असावं लागत नाही, थोडा वेळ हाताशी असावा लागतो आणि कायद्यातल्या तीन-चार गोष्टी तोंडपाठ असाव्या लागतात.

आधी बघा की खरंच काही करायची गरज आहे का

बाकड्यावर झोपलेला प्रत्येक जण मनोरुग्ण नसतो. २०११ च्या जनगणनेत देशात १७ लाखांहून जास्त बेघर माणसं मोजली गेली, त्यातली २ लाखांच्या वर आपल्या महाराष्ट्रात, आणि यात मजुरी करणारे आहेत, घरातून बाहेर काढलेले म्हातारे आहेत, रात्रपाळी करून भाड्याची खोली परवडत नाही म्हणून दिवसा झाडाखाली झोपणारे आहेत. परळला टाटा हॉस्पिटलच्या आसपास फुटपाथवर राहणारी माणसं बघा, बाहेरगावाहून कॅन्सरच्या उपचारांसाठी आलेले पेशंट आणि त्यांचे नातेवाईक असतात ते, त्यांची मनं शाबूत आहेत, फक्त डोक्यावर छप्पर नाही. अशा माणसासाठी पोलीस बोलवायचं काहीच कारण नाही. बाग सार्वजनिक आहे, तो शांत बसलाय, आपणही बसलोय, एवढंच. पुण्यात बऱ्याच बागा दुपारी बंद असतात, तेव्हा भर उन्हात त्याला उठवून बाहेर काढतात, त्या वेळेला त्याने कुठे जायचं हे त्याला कुणी सांगत नाही. तुम्ही जवळचा बेघर निवारा कुठे आहे ते सांगू शकलात तरी पुष्कळ झालं.

मग काळजी कधी करायची? माणूस स्वतःची देखभाल करू शकत नाहीये असं दिसलं की. दिवसच्या दिवस एकाच जागी बसून आहे, कपड्यातच सगळं होतंय, पायाची जखम चिघळून त्यात किडे पडलेत आणि त्याचं लक्षच नाही, समोर कुणी नसताना कुणाशी तरी जोरजोरात भांडतोय, कानावर हात दाबून धरतोय, कचऱ्यातलं खातोय, अंगावर कपडे नाहीत याचं भान नाही. हे सगळं आळस किंवा नाटक नसतं, हा आजार असतो आणि याला औषधं आहेत.

पण थांबा, इथे एक गोष्ट बहुतेक जण चुकतात. अचानक बरळायला लागलेला माणूस मनोरुग्णच असेल असं नाही. डोक्याला मार लागला, साखर एकदम उतरली, ताप डोक्यात गेला, ऊन लागलं, नुकतीच फिट येऊन गेली, या सगळ्यात माणूस असाच वागतो. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की दोन-तीन दिवसांनी हातपाय थरथरतात, दरदरून घाम फुटतो, अंगावर किडे चालल्यासारखे तो झटकत बसतो, आणि लोक म्हणतात "चढलीये". चढलेली नसते हो, उतरलेली असते, आणि यात माणूस दगावू शकतो. म्हणून काल बरा होता आणि आज असं करतोय, अंग तापलंय, नीट चालता येत नाहीये, बोबडं बोलतोय, गुंगीत आहे असं काही दिसलं तर सरळ १०८ ला फोन करून ॲम्ब्युलन्स मागवायची, फोनवर "वेडा आहे" म्हणायचं नाही, जे दिसतंय तेच सांगायचं. फिट आली असेल तर कांदा, चप्पल काही हुंगवायचं नाही, तोंडात चमचा घालायचा नाही, कुशीवर वळवून डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवायचं. गुंगीतल्या माणसाच्या तोंडात पाणीसुद्धा घालू नका, ठसका लागून श्वासनलिकेत जातं.

जवळ कसं जायचं

एकट्याने जाऊ नका आणि दहा जणांनी मिळून पण जाऊ नका. दोघं बरे, त्यातला एकच बोलणार, दुसरा थोडा मागे उभा राहून बघे लांब ठेवणार. बघ्यांची गर्दी हाच निम्म्या वेळा खरा त्रास असतो, चारही बाजूंनी मोबाइल रोखलेली माणसं दिसली की कुणीही अंगावर धावून येईल. समोरून, त्याला दिसेल असं, हळूहळू जायचं, पाठीमागून कधीच नाही. दोन-तीन हात अंतर ठेवून थांबायचं, तो बसलेला असेल तर आपणही खाली बसायचं, पण त्याचा पळायचा रस्ता अडवून नाही, आणि आपलाही मोकळा ठेवून. गॉगल काढा. हात दिसू देत.

आणि बोलायचं काय? आधी आपलं नाव. "नमस्कार दादा, मी इथेच समोर राहते, पाणी हवंय का?" बस. "तू कोण, कुठून आलास, नाव काय" ही पोलिसी सरबत्ती नको. अहोजाहो करा. बाई असेल तर ताई, म्हातारं माणूस असेल तर काका, आजी, जे तोंडात बसेल ते, पण "ए" नाही. कित्येक महिन्यांत त्यांच्याशी कुणी आदराने बोललेलं नसतं आणि त्याचा फरक लगेच चेहऱ्यावर दिसतो. बाटली सीलबंद असेल तर उत्तम, पुष्कळांना कुणीतरी विष घालेल अशी भीती असते, अशा वेळी बिस्किटचा पुडा त्यांच्यासमोर फोडून त्यातलं एक आपण खायचं आणि पुडा मधे जमिनीवर ठेवायचा, हातात कोंबायचा नाही.

तो म्हणेल माझ्यामागे सीआयडी लागलीये, झाडातून माझ्याशी बोलतात. यावर "असं काही नसतं, तुमचा भास आहे" हे म्हणून काही उपयोग होत नाही आणि "हो हो मला पण दिसतायत" हे तर अजिबात म्हणू नका. "मला ऐकू येत नाहीये, पण तुम्हाला खूप भीती वाटत असणार, झोप तरी लागते का?" असं म्हटलं की खोटंही बोललो नाही आणि त्याला खोटंही पाडलं नाही. झोप आणि भूक या दोन गोष्टींवर कुणीही बोलायला तयार होतं. आमच्या इथल्या बागेत एक काका होते, गुलमोहराखाली वर्तमानपत्राच्या घड्या घालत बसायचे, एकावर एक रचायच्या, कडेला कड जुळवून, आणि कुणी जवळ गेलं की सगळं उचलून पळायचे. माळीकाकांनी काय केलं तर रोज झाडांना पाणी घालून झालं की जुना पेपर त्यांच्यापासून थोड्या अंतरावर ठेवून द्यायचे आणि चहाचा कप, न बोलता. बरेच दिवस असं चाललं. मग एका सकाळी काकांनीच विचारलं, "आज पेपर जाड का?" आणि तिथून गावाचं नाव निघेपर्यंत फार वेळ लागला नाही. घाई नसेल, जिवाला धोका नसेल, तर ही माळीकाकांची पद्धत मला सगळ्यात खात्रीची वाटते. रोज त्याच वेळी, तोच माणूस, तेवढाच चहा. पितृपक्षात एका दिवसात पाच डबे आणि मग महिनाभर कुणी फिरकत नाही याने ओळख होत नाही.

दोन गोष्टी कळकळीने सांगते, कृपा करून करू नका. चहातून किंवा जेवणातून गुपचूप झोपेची गोळी देणं, उपाशी, अशक्त शरीरावर काय होईल सांगता येत नाही, आणि त्याचा माणसांवरचा उरलासुरला विश्वास जातो. आणि धरून, बांधून आंघोळ घालायची, केस कापायचे आणि त्याचं आधी-नंतरचं रील टाकायचं. त्या माणसाला काय वाटत असेल याचा विचार करा, पाच अनोळखी पुरुष आपल्याला धरून वस्तरा फिरवतायत. आजार तसाच राहतो, आठ दिवसांनी कपडे पुन्हा तसेच होतात, आणि त्याचा उघडा फोटो मात्र कायमचा नेटवर.

हातघाईवर आलं तर

हातात दगड, काच असेल तर जवळ जायचं नाही, बाकीच्यांना, मुलांना आधी लांब न्यायचं, आवाज चढवायचा नाही, आणि ११२ ला फोन. फोनवर स्पष्ट सांगा की माणूस आजारी वाटतोय, गुन्हेगार नाही, आणि बाई असेल तर महिला पोलीस पाठवा.

कुणी झाडाला दोरी बांधताना, तळ्याच्या कठड्यावर, किंवा नुसतं रडत "आता संपवायचंय" म्हणताना सापडलं तर एकटं सोडून हलायचं नाही. "जीव द्यायचा विचार येतोय का?" असं थेट विचारलं म्हणून कुणाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही, उलट मोकळं होतं. दोरी, बाटली, ब्लेड शक्य असेल तर गोड बोलून मागून घ्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर २४ तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, स्पीकरवर लावून तिथल्या समुपदेशकाशी बोलणं करून देता येतं. पण जीव त्या क्षणी धोक्यात असेल तर आधी ११२ किंवा १०८, मग हे. आणि पोलिसांची भीती घालू नका, "केस होईल तुझ्यावर" वगैरे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरायचं असतं, त्याला शिक्षा नाही, उलट त्याची काळजी घेणं हे सरकारचं काम आहे.

पोलीस ठाण्यात काय बोलायचं

हा भाग जरा लांबलाय पण इथेच लोक हात टेकतात. माणूस भटकतोय, स्वतःला सांभाळू शकत नाहीये, बोलून यायला तयार नाही, तर पोलिसांकडे जायचंच आहे. चौकीत नाही, ज्या पोलीस ठाण्याची हद्द आहे तिथे जा आणि ठाणे अंमलदारांना भेटा. बहुतेक वेळा तीन उत्तरं मिळतात. "हे आमचं काम नाही, महापालिकेला सांगा." "कोर्टाची ऑर्डर आणा." "आणलं तर ठेवू कुठे, लॉकअपमध्ये?"

तिन्हीला उत्तर एकच, कलम १००. हा आकडा लक्षात ठेवा. याच २०१७ च्या कायद्यातलं हे कलम सांगतं की हद्दीत भटकणारी, मानसिक आजारी वाटणारी आणि स्वतःची काळजी घेऊ न शकणारी व्यक्ती दिसली तर तिला संरक्षणात घेणं हे ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. मेहरबानी नाही, कर्तव्य. तिला का नेतोय हे तिला समजावून सांगायचं. लवकरात लवकर, आणि कुठल्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत, जवळच्या सरकारी दवाखान्यात तपासणीसाठी न्यायचं. लॉकअप किंवा तुरुंगात ठेवायचं नाही, कोणत्याही कारणाने नाही. कोर्टाची ऑर्डर १९८७ च्या जुन्या कायद्याच्या काळात लागायची, ती सवय अजून गेलेली नाही, पण आता तपासणीला नेण्यासाठी ऑर्डर लागत नाही. आणि बेघर व्यक्ती असेल तर हरवलेली व्यक्ती म्हणून एफआयआर नोंदवायचा आणि तिच्या घरच्यांचा शोध घ्यायचा, हेही त्याच कलमात आहे.

हे सांगताना भांडायच्या पवित्र्यात जाऊ नका. ठाण्यातल्या लोकांना रात्रीच्या ड्यूटीत एक हवालदार आणि एक गाडी मोकळी करणं सोपं नसतं, हे मी जवळून बघितलंय. कलमाची एक प्रिंट खिशात ठेवा, आपण कागदावर लिहून दिलेला अर्ज सोबत न्या, कुठल्या बागेत, कुठल्या गेटजवळ, अंदाजे वय, कधीपासून दिसतोय, काय काय बघितलं, आणि "मी सोबत हॉस्पिटलला येते" हे वाक्य आधी टाका. या एका वाक्याने जेवढं काम होतं तेवढं कायद्याच्या पुस्तकानेही होत नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.

भिक्षेकरी पकडणारी गाडी बोलवा असा सल्ला पण कुणीतरी देतंच. १९५९ चा भीकबंदीचा कायदा आपल्याकडे अजून लागू आहे, दिल्लीपुरती त्यातली बरीचशी कलमं तिथल्या हायकोर्टाने २०१८ मध्ये रद्द केली, पण इथे नाहीत. भिक्षेकरी गृह म्हणजे निवारा नाही आणि दवाखाना तर नाहीच, तिथे कोर्टाच्या हुकमाने डांबून ठेवतात. आजारी माणसाला तिथे धाडून काय साधणार?

हॉस्पिटलमध्ये

सरकारी दवाखाना म्हणजे थेट येरवडाच असं नाही. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीला आयपीएचबी हे सरकारी मनोरुग्णालय आहे, पण पहिली तपासणी ससून, केईएम, नायर, जेजे किंवा जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्येही होते आणि ती तिथे झालेली बरी, कारण जखम, ताप, रक्त कमी, क्षय हे सगळं तिथेच बघून होतं. कॅज्युअल्टीत केसपेपर "अनोळखी" म्हणून निघतो. पैसे मागितले तर सांगा की बेघर, निराधार माणसाला याच २०१७ च्या कायद्याच्या कलम १८ प्रमाणे मानसिक आजाराचे उपचार मोफत आहेत, पिवळं रेशनकार्ड नसलं तरी.

"नातेवाईक कोण? सही कोण करणार?" हा पुढचा अडसर. तुम्ही सही करायची नाही, घाबरायचंही नाही. नातेवाईक नसलेल्या माणसासाठी नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयात त्याला साथ देणारा माणूस, नेमायची सोय कायद्यात आहे, आणि ती नेमणूक होईपर्यंत मनोरुग्णांसाठी काम करणाऱ्या नोंदणीकृत संस्थेचा माणूस डॉक्टर तात्पुरता प्रतिनिधी म्हणून घेऊ शकतात. म्हणूनच आपल्या भागात अशी संस्था कोणती हे आधी शोधून ठेवायचं. आणि सरकारी हॉस्पिटलात समाजसेवा अधीक्षक नावाचं पद असतं, त्यांना शोधा, त्यांची खोली शक्यतो ओपीडीच्या मागच्या बाजूला कुठेतरी असते, कागदपत्रं कशी फिरतात हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं. डॉक्टरांनी तपासून "भरती करायची गरज नाही" म्हटलं तर माणसाला पुन्हा बागेत आणून सोडायचं नसतं, घर असेल तर घरी, बेघर असेल तर सरकारी निवाऱ्यात पोचवायचं काम पोलिसांचं, हेही कलम १०० मध्येच आहे.

बाई असेल तर यातलं सगळं दुप्पट घाईने करा, तिला रात्र बागेत काढायला लागू नये, कारण तिच्यावर काय ओढवतं ते मी इथे लिहीत नाही, तुम्हाला कळतंय. १८१ ही महिलांची हेल्पलाइन, सोबत मूल असेल तर १०९८, म्हातारं माणूस वाट चुकलेलं, विसरभोळं वाटलं तर १४५६७. पोटुशी वाटत असेल तर हॉस्पिटलात ते आवर्जून सांगा. अहिल्यानगरजवळ शिंगवे इथे माउली सेवा प्रतिष्ठान रस्त्यावरच्या मनोरुग्ण बायकांना सांभाळतं, त्यांचं काम एकदा बघून या, आपल्याकडच्या तक्रारी आपोआप कमी होतात.

बरं होतात का ही माणसं?

होतात, आणि घरीही जातात. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांना मुंबईत एक तरुण करवंटीने गटारातलं पाणी पिताना दिसला होता, उपचार झाल्यावर कळलं की तो पॅथॉलॉजी लॅबचं शिक्षण घेतलेला, आंध्रातल्या चांगल्या घरचा मुलगा. त्यांची श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन १९८८ पासून हेच करतेय, कर्जतला त्यांचं केंद्र आहे, रस्त्यावरून आणायचं, बरं करायचं, घरी पोचवायचं, आणि २०१८ मध्ये डॉ. वाटवानींना याच कामासाठी मॅगसेसे मिळालं. औषध सुरू झालं की काही आठवड्यांत माणूस गावाचं, शाळेचं, नदीचं नाव सांगायला लागतो. बोली ऐका, तेलुगू की बंगाली की वऱ्हाडी, एखादा जत्रेचा, बाजाराचा उल्लेख पकडा, आणि हे सगळं पोलिसांना आणि हॉस्पिटलला कळवा. फोटो व्हायरल करून घरचे शोधायचा मोह आवरा, त्याच्या आजाराचा बोभाटा गावात आधी पोचला तर घरचे दार उघडायला कचरतात, आणि मुलगी असेल तर बघायलाच नको.

आता हे सगळं ऐनवेळी सुचत नाही, त्यामुळे बागेच्या ग्रुपने आधीच थोडी तयारी करून ठेवा. वॉचमन आणि माळीकाकांना बसवून सांगा की काठी आपटायची नाही, आधी आपल्यातल्या अमुक दोघांना फोन करायचा. नंबर लिहिलेला कागद वॉचमनच्या केबिनमध्ये आतून चिकटवा. जवळचा निवारा चालू आहे का, बायकांना घेतात का, हे फोनवर न विचारता जाऊन बघा. केंद्राच्या शहरी उपजीविका अभियानात दर १ लाख लोकसंख्येमागे १०० माणसांची सोय असलेला, बारा महिने २४ तास चालणारा निवारा असावा असं लिहिलं होतं, आपल्या शहरात तेवढे आहेत का हे वॉर्ड ऑफिसला लेखी विचारा, नगरसेवकाला विचारा, ओपन जिमसाठी आपण जेवढा पाठपुरावा करतो तेवढाच करा. बागेतला नळ आणि संडास दुपारी उघडा राहील एवढं जरी मिळवलंत तरी खूप जणांचे हाल कमी होतील.

आणि माणूस घरी किंवा निवाऱ्यात गेला की औषधं तुटता कामा नयेत, परत रस्त्यावर यायचं सगळ्यात मोठं कारण तेच असतं. केसपेपरवर पुढच्या तपासणीची तारीख असते, ती ज्या दोघांनी जबाबदारी घेतलीये त्यांनी आपल्या मोबाइलमध्ये टाकून ठेवायची, ग्रुपवर नाही. घर दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर तिथल्या सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात त्याच गोळ्या मिळतात का ते निघायच्या आधी विचारून घ्या, आणि निदान महिनाभराच्या गोळ्या पिशवीत आहेत ना हे स्वतः उघडून बघा.